पी.एफ.चा पैसा कोणाच्या नंबरावर?

नोएडातल्या एखाद्या कंपनीत नव्याने लागलेल्या माणसाच्या हाती पहिल्या पगाराची स्लिप येते, तेव्हा घरातल्या सगळ्यांची नजर एकाच जागी जाते : हातात किती पडले? वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले तीन-चार नंबर कोणी वाचत नाही. स्लिप घडी होऊन कपाटातल्या फाइलीत जाते किंवा हल्लीच्या रीतीप्रमाणे मोबाइलमध्येच राहते. वीस-पंचवीस वर्षांनी जेव्हा साठलेला भविष्यनिर्वाह निधी काढायची वेळ येते, तेव्हा दार उघडते ते याच नंबरांनी. आणि तेव्हा असे लक्षात येते, की त्यातला कोणता नंबर आपला, कोणता कंपनीचा आणि कोणता त्या निधीचा, हेच घरात कोणाला ठाऊक नव्हते.

पुणे, नागपूर, औरंगाबादकडून (आता छत्रपती संभाजीनगर) नोकरीसाठी नोएडात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न जरा जास्तच भेडसावतो, कारण त्यांचे अर्धे कागद महाराष्ट्रातले असतात आणि अर्धे उत्तर प्रदेशातले. नोएडातल्या पी.एफ. नंबरापासूनच पाहावे. तो इंग्रजी 'एमआरएनओआय' या पाच अक्षरांनी सुरू होतो. शेवटची तीन अक्षरे नोएडाची, हे उघड आहे. पहिली दोन मेरठची. नोएडा वसवण्यासाठी १९७६ च्या एप्रिलमध्ये प्राधिकरण स्थापन झाले, गौतम बुद्ध नगर हा जिल्हा तर १९९७ मध्ये झाला. तोपर्यंत सरकारी दफ्तरांच्या दृष्टीने हा सगळा मुलूख मेरठच्या बाजूचा. तिथल्या अनेक कंपन्यांच्या करकपात नंबराची, म्हणजे टॅनची, सुरुवातही 'एमआरटी' अशी मेरठच्याच नावाने होते. पुण्याहून आलेल्या गृहिणीने नवऱ्याच्या कागदांवर मेरठ पाहून बिचकू नये. पुण्यातल्या जुन्या नोकरीचा नंबर 'पीयूपीयूएन'ने सुरू होत असेल, तो पुण्याचा.

अक्षरांनंतर येतात सात आकडे, ते कंपनीचे. मग तीन आकडे कंपनीच्या शाखेसाठी आणि शेवटचे सात त्या कामगाराचे. एकूण बावीस जागांचा हा नंबर नोकरी बदलली की बदलतो. त्यामुळेच पूर्वी चार नोकऱ्या केलेल्या माणसाचे चार ठिकाणी चार नंबर असत आणि त्यातले दोन तरी हरवलेले असत. ऑक्टोबर २०१४ मध्ये बारा आकड्यांचा सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, सुरू झाला. तो माणसाचा. नोकऱ्या कितीही बदलल्या, तरी तो एकच राहावा आणि बावीस जागांचे सगळे नंबर त्याच्या पोटात यावेत, अशी कल्पना आहे. 

आता करखात्याचे नंबर. तिथे दोन आहेत आणि त्यांची गल्लत सुशिक्षित घरांतही होते. पॅन हा ज्याचे उत्पन्न त्याचा. टॅन हा जो कर कापून सरकारात भरतो त्याचा. पगारावरचा कर कंपनी कापते, म्हणून तिथे टॅन कंपनीचा. पण पी.एफ.मधून काढलेल्या पैशावर कर कापला गेला, तर तो कोण कापते? कंपनी नव्हे. पैसा कंपनीकडे नसतोच मुळी. तो भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडे असतो किंवा काही मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत त्यांनी सरकारची परवानगी घेऊन स्थापन केलेल्या स्वतंत्र ट्रस्टकडे असतो. कर कापायचा तो संघटनेच्या कार्यालयाने किंवा ट्रस्टच्या विश्वस्तांनी, स्वतःच्या टॅनखाली.

या ट्रस्टला स्वतःचा पॅनही असतो. पॅनच्या दहा अक्षर-आकड्यांतले चौथे अक्षर धारक कोण ते सांगते. व्यक्ती असेल तर 'पी', कंपनी असेल तर 'सी', ट्रस्ट असेल तर 'टी'. कंपनीचा 'सी'वाला पॅन आणि तिच्या पी.एफ. ट्रस्टचा 'टी'वाला पॅन वेगवेगळे असणे ही केवळ कारकुनी बाब नाही. करखात्याच्या आणि कायद्याच्या नजरेत ती दोन वेगळी माणसे आहेत, असाच त्याचा अर्थ. ट्रस्टचे बँकखाते वेगळे, त्याने घेतलेले सरकारी रोखे त्याच्या नावाचे. कंपनी बुडाली तर तिच्या सावकारांनी या पैशावर हात टाकायचा नाही.

नोएडाकरांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. आघाडीच्या बांधकाम कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलेल्या या शहराने पाहिल्या आहेत आणि घराची वाट पाहणाऱ्यांचे हालही पाहिले आहेत. पण त्याच कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांच्या पी.एफ.चे काय, हा प्रश्न क्वचितच चर्चेत येतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी यांच्या निधीतून कामगारांना देय असलेली रक्कम विक्रीला काढायच्या मालमत्तेबाहेर ठेवली आहे. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांनी याच मुद्द्यावर लढा दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने त्यांची पी.एफ. आणि ग्रॅच्युइटीची बाकी द्यावी असा निकाल दिला आणि ३० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. ज्याच्या कंपनीचा स्वतःचा ट्रस्ट आहे, त्याने म्हणूनच ट्रस्टचे पूर्ण नाव, त्याचा पॅन आणि टॅन मनुष्यबळ विभागाकडून एकदा लिहून घ्यावा. संघटनेच्या संकेतस्थळावरचे पासबुक अशा ट्रस्टच्या सभासदांना दिसत नाही. त्यांचा हिशेब ट्रस्टच देतो. वर्षाच्या हिशेबाची ती स्लिप न मागणारे लोक थोडेथोडके नाहीत.

आता स्त्रियांचा प्रश्न. खरी अडचण इथेच आहे.

समजा, पुण्यातली कुलकर्णी आडनावाची मुलगी. शिक्षण संपताच तिथल्याच एका कंपनीत लागली. पॅन काढला, त्यावर तिचे नाव आणि वडिलांचे नाव. पी.एफ. सुरू झाला. तीन वर्षांनी देशपांड्यांच्या घरात लग्न झाले, नवरा नोएडात, म्हणून तिने पुण्याची नोकरी सोडली. आधारवर नवे आडनाव लागले, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे आले. नोएडाच्या नव्या कंपनीत फॉर्म भरताना तिथल्या कारकुनाने पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने पाहिले आणि त्यांत स्वतःच्या समजुतीने भर घातली. उत्तरेत मधले नाव म्हणजे बहुधा 'कुमार' किंवा 'देवी'. बापाचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये घालायची महाराष्ट्राची रीत तिथे अनोळखी. कोणी मधले नाव गाळतो, तर कोणी ते आडनाव समजतो. महाराष्ट्रात सरकारी कागदावर आडनाव आधी लिहायची सवय, त्याचा घोळ वेगळाच. शेवटी एकाच बाईची तीन नावे तयार होतात : पॅनवर एक, आधारवर दुसरे, यूएएनवर तिसरे.

पगार मिळत असतो तोवर यातले काहीच जाणवत नाही. मूल झाल्यावर नोकरी सोडली, पी.एफ. काढायला गेले, की संगणक म्हणतो, नावे जुळत नाहीत. संघटनेचे संकेतस्थळ पॅन करखात्याच्या नोंदीशी ताडून पाहते आणि नाव जुळले तरच तो स्वीकारते. पॅन नोंदला गेला नाही की पैसा अडतो, नाहीतर जास्त कर कापून हाती येतो. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "सूनबाई, जाऊ दे, किती असतील ते!" तीन वर्षांची तिची आणि कंपनीची वर्गणी आणि त्यावरचे व्याज. ते पैसे तिचे स्वतःचे आहेत आणि नोकरी सोडलेल्या बाईच्या नावावर स्वतःचे असे दुसरे बरेचदा काही नसते. ते 'जाऊ दे' म्हणण्याचा हक्क वडीलधाऱ्यांना कोणी दिला?

पॅनच्या बाबतीत एक गंमत आहे आणि तिच्यातून एक मोठी चूकही होते. पॅनचे पाचवे अक्षर हे व्यक्तीच्या आडनावाचे पहिले अक्षर असते. कुलकर्णींच्या मुलीच्या पॅनवर पाचवे अक्षर इंग्रजी 'के'. लग्नानंतर आडनाव बदलायचा अर्ज केला, की कार्डावर देशपांडे येते, पण नंबर तोच राहतो. 'के' जागचा हलत नाही. माहेरच्या आडनावाचे ते अक्षर जन्मभर तिच्यासोबत राहते. वडिलांचे नावही तसेच. कार्डावर नवऱ्याचे नाव येत नाही. 'के' अजून दिसतो म्हणजे काहीतरी चुकले, असे समजून काहीजणी नव्या नावाने दुसरा पॅन काढतात. कोणी एजंट हे काम चारशे-पाचशे रुपयांत करूनही देतो. एका माणसाने दोन पॅन बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्याला दहा हजार रुपये दंड ठेवलेला आहे. शिवाय पहिल्या पॅनखाली झालेली करकपात आणि दुसऱ्या पॅनखालचे विवरणपत्र यांची कधी गाठ पडत नाही. नवा पॅन नको, जुन्याच पॅनमध्ये दुरुस्तीचा अर्ज करावा. विवाहनोंदणीचा दाखला त्यासाठी लागतो, म्हणून तो लग्नाच्या अल्बमपेक्षा जपून ठेवावा. आणि ज्यांना माहेरचेच नाव चालवायचे आहे त्यांनी ते खुशाल चालवावे. कायद्याची आडकाठी नाही. तिन्ही ठिकाणी एकच नाव हवे, इतकेच.

यूएएनवरचे नाव दुरुस्त करणे पूर्वी फार जिकिरीचे होते. मालकाची सही, संयुक्त अर्ज, कार्यालयाच्या फेऱ्या. मालकाने दुकान बंद केले असेल तर विचारायलाच नको. १ ऑक्टोबर २०१७ पासून आधारशी पडताळून दिलेले जे यूएएन आहेत, त्यांच्या सभासदांना जानेवारी २०२५ पासून नाव, जन्मतारीख, आई-वडिलांचे नाव, विवाहाची स्थिती, जोडीदाराचे नाव अशा बऱ्याच गोष्टी घरबसल्या दुरुस्त करता येऊ लागल्या. त्याआधीच्यांना मात्र अजून मालकाच्या दारी जावे लागते. ज्याच्या कंपनीत अजून नोकरी चालू आहे, त्याने ही दुरुस्ती नोकरीत असतानाच करून घ्यावी. राजीनामा दिलेल्या माणसाच्या अर्जाकडे मनुष्यबळ विभाग कोणत्या नजरेने पाहतो, ते सगळ्यांना माहीत आहे.

आता कर. सलग पाच वर्षे नोकरी होण्याआधी पी.एफ. काढला, तर तो सामान्यतः करपात्र ठरतो. २०१५ च्या अर्थसंकल्पाने अशा रकमेवर उगमस्थानीच कर कापण्याची तरतूद केली आणि १ जून २०१५ पासून ती लागू झाली. रकमेची मर्यादा आधी तीस हजार होती, वर्षभरात ती पन्नास हजार झाली. पॅन दिलेला असेल तर कपात दहा टक्के. पॅन नसेल तर एप्रिल २०२३ पर्यंत कमाल दराने, म्हणजे तीस टक्क्यांहूनही अधिक कपात होत असे; त्यानंतर वीस टक्के. तीन लाखांवर तीस हजार जाणे आणि साठ हजार जाणे, यांतला फरक एका नंबराचा. पण खरा घाव वेगळाच आहे. पॅन असताना कापलेला कर त्या नंबराखाली जमा दिसतो आणि बाईचे दुसरे उत्पन्न नसेल तर विवरणपत्र भरून तो सगळा परत मिळू शकतो. पॅनच नसेल तर तो कोणाच्या नावावर जमा दिसणार? उत्पन्न कमी असल्याने कर कापू नये, अशी घोषणा देण्याची सोय आहे. वर्षानुवर्षे तिला फॉर्म १५जी म्हणत आले आहेत. पण तीही पॅनवाचून ग्राह्य धरली जात नाही. आणि ज्यांनी पॅन आधारशी जोडला नाही, त्यांचा पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरला गेला; असा पॅन दिला काय आणि न दिला काय, कपातीच्या दृष्टीने सारखेच. (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मांचे जुने आकडे आता पाठ करण्यात अर्थ नाही.)

ही 'पाच वर्षे' मोजताना आधीच्या नोकरीचा काळही धरतात, पण तिथला पैसा नव्या खात्यात वळवला असेल तरच. पुण्यातली तीन वर्षे आणि नोएडातली तीन जोडली तर सहा होतात आणि कर लागत नाही. दोन्ही सुटी ठेवली तर दोन्हीकडे तीन-तीनच.

कर परत मागताना आणखी एक चूक ठरलेली असते. विवरणपत्रात 'कर कोणी कापला' या रकान्यात लोक डोळे झाकून कंपनीचे नाव आणि टॅन लिहितात. नोकरी कंपनीची, पी.एफ. कंपनीचा, मग टॅनही कंपनीचाच, असा सरळ हिशेब. करखात्याच्या उताऱ्यात मात्र ती कपात संघटनेच्या कार्यालयाच्या किंवा ट्रस्टच्या टॅनखाली दिसते. दोन्ही जुळत नाहीत आणि परतावा अडकतो. विवरणपत्र भरण्याआधी करखात्याच्या संकेतस्थळावरचा करकपातीचा उतारा, ज्याला इतकी वर्षे २६एएस म्हणत आले, तो उघडावा आणि त्यात जो टॅन दिसेल तोच उतरवावा. 

हीच गोष्ट परदेशातही आहे. अमेरिकेत नोकरी करून नोएडात परतलेल्या घरांची तिथली '४०१-के' योजना मागे राहिलेली असते. तिथेही मालकाचा करनंबर एक, योजनेच्या पैशाच्या ट्रस्टचा दुसरा असू शकतो आणि एकाच मालकाच्या अनेक योजना असतील तर ०००१ नव्हे, तीन आकडी '००१'पासून त्यांचे क्रमांक. भारतात राहून तो पैसा मागवताना तिथल्या कागदावर माणसाचा परदेशी करनंबर विचारतात, तो म्हणजे आपला पॅन. तिथला सामाजिक सुरक्षा क्रमांकही टाकून देऊ नये; तो पुन्हा कुठे लागेल सांगता येत नाही.

सोसायटीच्या फाटकावर उभा असलेला पहारेकरी, घरकाम करणाऱ्या बाईचा फेज-टूमधल्या कारखान्यात ठेकेदाराकडे राबणारा नवरा, यांची अडचण याहून कठीण. ठेकेदार बदलला की नवा नंबर आणि कित्येकदा नवा यूएएनसुद्धा, कारण जुना विचारण्याचे कष्ट कोण घेणार? पी.एफ.बरोबर येणाऱ्या पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. वेगवेगळ्या यूएएनखाली विखुरलेली बारा वर्षे ही पेन्शनच्या हिशेबात बारा वर्षे होत नाहीत. सप्टेंबर २०२१ पासून आधार जोडल्याशिवाय मालकाला वर्गणीचा भरणाच करता येत नाही, त्यामुळे नवे घोळ कमी झाले. जुने तसेच आहेत. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशभरात साडेएकवीस लाखांच्या आसपास निष्क्रिय पी.एफ. खाती होती आणि त्यांत सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये पडून होते. शिकलेल्या घरातल्या मालकिणीने आपल्याकडे येणाऱ्या बाईला एका दुपारी मोबाइलवर तिच्या नवऱ्याचे पासबुक उघडून दाखवले, तर त्यात तिचे काही जात नाही.

आणि शेवटी घरातली गोष्ट. नवऱ्याचा यूएएन बायकोला ठाऊक असतो का? बहुतेक घरांत नसतो. "अहो, तो नंबर कुठे लिहिलाय?" हा प्रश्न विचारणे म्हणजे अभद्र बोलणे, असे अजूनही मानले जाते. कमावता माणूस नोकरीत असतानाच गेला, तर पी.एफ.शिवाय त्याच्याशी जोडलेल्या विम्याचे सात लाखांपर्यंत मिळू शकतात, पत्नीला आणि मुलांना पेन्शन मिळते. नामनिर्देशन लग्नाआधी आईच्या नावे केलेले असते आणि ते लग्नानंतर नव्याने करायचे असते, हेही राहून जाते. गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवायच्या वहीत पाच ओळी लिहाव्यात : दोघांचे पॅन, दोघांचे यूएएन, प्रत्येक नोकरीचा बावीस जागांचा नंबर आणि ती कधीपासून कधीपर्यंत, ट्रस्ट असेल तर त्याचे नाव, पॅन आणि टॅन, आणि नामनिर्देशन कोणाच्या नावे, कोणत्या तारखेचे.

नावे जुळत नसतील तर नोएडातल्यांसाठी संघटनेचे कार्यालय सेक्टर २४ मध्ये आहे. जानेवारी २०२३ पासून जिल्ह्या-जिल्ह्यात महिन्याच्या २७ तारखेला, सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, तक्रारी ऐकण्यासाठी 'निधी आपके निकट' हे शिबिर भरवण्याची पद्धत सुरू झाली. जाताना आधार, पॅन, विवाहनोंदणीचा दाखला, बँकेचे रद्द केलेले चेकपान आणि जुन्या कंपनीची कोणतीही एक स्लिप न्यावी. स्लिप सापडत नसेल तर नेमणुकीचे पत्र चालते का, ते खिडकीवर विचारावे. कधी कधी जुन्या पत्रावरच तो नंबर छापलेला सापडतो.